किल्ली तुमच्या फोनमध्ये आहे, पण चौकशी बाहेर जाते

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही नागपुरात बर्डीवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवता, म्हणजे फोनबद्दल तुम्ही जे म्हणता ते मला गंभीरपणे घ्यायलाच हवं. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की फोनवरची बिटकॉइनची लाइट वॉलेट, म्हणजे सगळा हिशेब स्वतःकडे न ठेवता दुसऱ्याच्या सर्व्हरला विचारणारी अ‍ॅप, तुमची माहिती बाहेर सांडतात आणि खरी प्रायव्हसी हवी असेल तर स्वतःचा फुल नोड, म्हणजे सगळा हिशेब स्वतः उतरवून तपासणारा कॉम्प्युटर, लावा. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पैसे खर्च करायची गुप्त किल्ली माझ्या फोनमध्ये, सगळ्या व्यवहारांची वही म्हणजे ब्लॉकचेन सगळ्या जगाला उघडी, मग सर्व्हरला वेगळं काय कळणार? दुसरं, 64 जीबीच्या फोनवर फुल नोड लावायला सांगणं म्हणजे लोकांची थट्टा. आणि शेवटचं, तुमच्याच शब्दांत: "टॅक्स भरून मोकळा झालेल्या माणसाच्या वॉलेटात डोकावायले कोण रिकामं बसलं आहे?"

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. बिटकॉइनची पूर्ण साखळी, म्हणजे ब्लॉकचेन, आज 600 जीबीच्या वर गेली आहे. जुने ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचे गठ्ठे, पुसत जाणारा नोड कमी जागेत बसतो, पण तोही एकदा सगळी साखळी उतरवून तपासतोच. तुमच्या काउंटरवर येणाऱ्या गिऱ्हाइकाला हे सांगण्यात अर्थ नाही. लाइट वॉलेट लागणारच, हे धरूनच मी लिहायला हवं होतं. ही कल्पना 2008 च्या मूळ बिटकॉइन निबंधातच आहे: सगळे ब्लॉक ठेवू नका, प्रत्येक ब्लॉकचं 80 बाइटचं शीर्षक ठेवा आणि आपल्या व्यवहाराचा पुरावा मागून घ्या. दिवसाला साधारण 144 ब्लॉक धरले तर वर्षभराची शीर्षकं चार-सव्वाचार एमबीत मावतात. तुमच्याकडे येणाऱ्या कुठल्याही फोनला एवढं झेपेल.

अडचण आहे ती त्या 'मागून घ्या' मध्ये.

आपल्या लहानपणी दहावीचा निकाल पेपरात छापून यायचा, आठवतं? नुसते बैठक क्रमांक. सगळ्या गावाला उघडे, पण कुठला नंबर कोणाचा हे कोणाला कळत नसे. ज्याने पेपर विकत घेऊन घरी पाहिला, त्याचं गुपित घरातच राहिलं. पण स्टॉलवर उभं राहून "भाऊ, हे चार नंबर पाहून सांगा ना" म्हणणाऱ्याचं काय? ते चार नंबर याच्याशी जोडलेले आहेत, हे स्टॉलवाल्याला त्या क्षणी कळलं. पेपरात नसलेली माहिती चौकशीने दिली. ब्लॉकचेन उघडी आहे हे खरंच, पण कोणते अ‍ॅड्रेस, म्हणजे बिटकॉइन घ्यायचे खातेक्रमांक, एका माणसाचे आणि तो माणूस कुठून बोलतोय, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. तुमचं वॉलेट ते स्वतः जाऊन सांगतं.

हे ऐकीव नाही. गेल्या महिन्यात खामल्याच्या घरी जुन्या कॉम्प्युटरवर मी इलेक्ट्रम पद्धतीचा, म्हणजे लाइट वॉलेटच्या चौकशांना उत्तरं देणारा, सर्व्हर लावला आणि भाच्याच्या फोनवरचं वॉलेट त्याला जोडलं. फोन त्याच्या मोबाइल डेटावर होता, माझ्यासमोर सर्व्हरचा लॉग उघडा होता. त्याने अ‍ॅप उघडलं आणि स्क्रीनवर ओळींमागून ओळी धावल्या, प्रत्येक ओळीत 64 अक्षरांचा एक हॅश, म्हणजे एकेका अ‍ॅड्रेसपासून गणिताने काढलेला ठसा. त्याने पैसे पाठवले नव्हते की मागवले नव्हते, नुसती शिल्लक पाहिली होती. हॅश म्हणजे काही झाकण नव्हे. साखळीवर आलेल्या प्रत्येक अ‍ॅड्रेसचा हॅश सर्व्हरकडे आधीच असतो, तो लगेच जुळवता येतो. मला जास्त अस्वस्थ केलं ते यादीच्या शेवटाने. वॉलेटने पुढच्या 20 कोऱ्या अ‍ॅड्रेसचीही चौकशी केली होती. म्हणजे त्याला पुढे येणारे पैसेही मला आजच ओळखता येणार होते. रात्री तो धंतोलीला आपल्या घरी गेला, तिथल्या ब्रॉडबँडवरून अ‍ॅप उघडलं. तीच यादी, तोच क्रम, फक्त आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे इंटरनेट जोडणीचा पत्ता, नवा. त्याच्या किल्लीला मी हातही लावला नव्हता.

असा सर्व्हर कोणीही लावू शकतं, त्याला परवाना लागत नाही. तुमच्या वॉलेटने आपणहून निवडलेला सर्व्हर कोणाचा आहे, हे तुम्हाला माहीत नसतं. काही अ‍ॅप तर याच्याही पुढे जातात आणि तुमची एक्स-पब, म्हणजे जिच्यापासून सगळे अ‍ॅड्रेस तयार होतात ती मुख्य पब्लिक की, कंपनीच्या सर्व्हरला देऊन टाकतात. तिच्याने पैसे काढता येत नाहीत, पण त्या खात्याचा मागचा-पुढचा सगळा हिशेब दिसतो.

यावर उपाय शोधले गेले नाहीत असं नाही. 2012 मध्ये ब्लूम फिल्टरचा प्रस्ताव आला. पेपरच्या भाषेत सांगायचं तर आपल्या चार नंबरांबरोबर आणखी पन्नास अनोळखी नंबर विचारायचे, म्हणजे आपले कोणते ते कळू नये. पण आज एक पन्नास, उद्या दुसरे पन्नास विचारले की दोन्ही याद्यांत असतात ते तुमचे. 2014 मध्ये झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातील आणि इतर संशोधकांनी दाखवून दिलं की थोडेच अ‍ॅड्रेस असलेल्या वॉलेटचे जवळपास सगळे अ‍ॅड्रेस यातून उघडे पडतात. थोडे अ‍ॅड्रेस कोणाकडे असतात? तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसाकडेच. 2019 मध्ये बिटकॉइन कोअरने, म्हणजे बहुतेक नोड ज्यावर चालतात त्या सॉफ्टवेअरने, ही सेवा मुळात बंद ठेवायला सुरुवात केली. ज्याला हवी त्याने मुद्दाम चालू करायची.

मग 2017 साली दिशाच उलटवणारा प्रस्ताव आला: कॉम्पॅक्ट ब्लॉक फिल्टर. यात वॉलेट काही विचारतच नाही. प्रत्येक ब्लॉकमागे एक छोटा गोषवारा बनतो, साधारण 20 किलोबाइटचा, सगळ्यांसाठी अगदी एकच. तुमचा फोन तो उतरवतो आणि आपले अ‍ॅड्रेस त्यात आहेत का ते स्वतःच पाहतो. जुळलं तर तो अख्खा ब्लॉक मागवतो, हजारो लोकांच्या व्यवहारांसकट. चुकून जुळण्याची शक्यता एका अ‍ॅड्रेसमागे 7,84,931 मध्ये एक. म्हणजे पेपर विकत घेऊन घरी पाहण्यासारखंच, फक्त पेपर फार बारीक केलेला. दिवसाला सुमारे तीन एमबी, आणि वॉलेट ज्या दिवशी बनवलं तिथपासूनचेच फिल्टर पुरतात. तुमच्या 64 जीबीच्या प्रश्नाला मी मागच्याच लेखात हे उत्तर द्यायला हवं होतं.

यालाही फटी आहेत. सगळे ब्लॉक एकाच नोडकडून मागवले तर त्याला थोडा अंदाज येतो, म्हणून ते वेगवेगळ्या नोडकडून घ्यावेत. पैसे पाठवताना व्यवहार जिथून पहिल्यांदा बाहेर पडतो तिथला आयपी अ‍ॅड्रेस दिसू शकतो, तिथे टॉर, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस झाकणारं जाळं, लागतं. आणि एक गोष्ट कुठलंच वॉलेट सावरू शकत नाही. यूपीआयचा क्यूआर जसा काउंटरला चिकटवता तसा बिटकॉइनचा एकच अ‍ॅड्रेस चिकटवू नका. यूपीआयचा क्यूआर स्कॅन करणाऱ्याला तुमची शिल्लक दिसत नाही. इथे तुमच्याकडून पन्नास रुपयांचं स्क्रीनगार्ड नेणाऱ्यालाही त्या अ‍ॅड्रेसवर आजवर काय आलं, काय गेलं, ते सगळं दिसतं.

आता टॅक्सचं. मीही भरतो. 2022 पासून नफ्यावर 30 टक्के, शिवाय 1 टक्का टीडीएस, आणि विवरणपत्रात स्वतः सगळं दाखवतो. सरकारला हिशेब द्यायला माझी हरकत नाही. पण इतवारीत सोनं घेणारा माणूस पक्कं बिल घेतो, टॅक्स भरतो, आणि तरीही डबी पिशवीत घालूनच घरी नेतो ना? ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, तेव्हा 'लपवण्यासारखं असेल त्यालाच' अशी अट घातली नव्हती.

आणि डोकावायला कोण बसलंय? बहुतेक वेळा कोणीच नाही. पण यादी एकदा तयार झाली की ती फुटते. लेजर या हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली ठेवायचं वेगळं उपकरण, बनवणाऱ्या कंपनीच्या सुमारे 2,72,000 ग्राहकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर 2020 मध्ये इंटरनेटवर आले. त्यांच्या किल्ल्या सुरक्षित होत्या. तरी लोकांना फसवे मेल आले, धमक्या आल्या. भाऊ, तुमच्याकडे रोज लोक फोन सोडून जातात. तुम्ही कोणाची गॅलरी उघडत नाही, हे मी मानतो. पण गिऱ्हाइकाने त्यासाठी नुसतं तुमच्या भलेपणावर विसंबून राहावं, असं तुम्ही स्वतः तरी त्याला सांगाल का?

तुम्हाला चालत असेल तर पुढच्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन तुमच्या दुकानात येतो. घरच्या सर्व्हरचा लॉग तिथे उघडू आणि तुमच्या फोनवरून वॉलेट जोडून पाहू. फक्त त्यासाठी एक नवं, कोरं वॉलेट बनवून ठेवा. रोजचं वापरातलं जोडू नका, नाहीतर तुमचे सगळे अ‍ॅड्रेस माझ्याकडे नोंदले जातील.