आवाज येलालाय का?

गाडीचं टायर पंक्चर झालं तर खिळा दाखवता येतो. रेडिएटर गळत असेल तर खाली साठलेलं पाणी दाखवता येतं. आवाज मात्र दाखवता येत नाही, तो करून दाखवावा लागतो. पन्नाशीच्या गृहस्थाने भर दुपारी गॅरेजच्या दारात उभं राहून तोंडाने "खर्रर्र... खर्रर्र" करायचं आणि समोरच्या पोऱ्याने हातातला पाना खाली न ठेवता "परत एकदा करा की काका" म्हणायचं, हे ज्याच्या वाट्याला आलं त्यालाच कळेल. दुसऱ्यांदा केलेला आवाज पहिल्यासारखा येत नाही, हे तर आणखी वाईट. मग पोऱ्या मिस्त्रीला सांगतो, "काका आधी वेगळं वाजवत होते."

आमची गाडी २००९ सालची, एमएच १३. पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा तिला आरटीओत नेऊन तपासणी करून घेतली आणि नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून आणली. म्हणजे सरकारदरबारी ती रस्त्यावर चालायला लायक आहे. ती काय वाजवत चालेल, याबद्दल त्या कागदावर एक ओळ नाही.

आवाज पहिल्यांदा हिने ऐकला. आम्ही राहतो जुळे सोलापुरात, हिची शाळा पूर्व भागात. त्यामुळे गाडी कागदोपत्री माझी असली तरी वहिवाटीने हिची.

"अहो, तिसऱ्या गिअरला चाळीसच्या पुढं गेलं की काहीतरी वाजतंय."

"काय वाजतंय?"

"ते तुम्ही सांगायचं. गाडी तुमच्या नावावर आहे."

मी लगेच गाडी काढली, सैफुलपर्यंत जाऊन आलो. काही नाही. दुसऱ्या दिवशी ही शाळेतून आली ती "आज तर जास्तच" म्हणत. मी परत फेरी मारली, परत काही नाही. घरात 'आवाज आहे' आणि 'आवाज नाही' असे दोन पक्ष पडले आणि जेवताना कामकाज तहकूब व्हायला लागलं. उलगडा झाला तो मी मागच्या सीटवर बसून गेलो तेव्हा. मी चाळिसाच्या आतच चौथा गिअर टाकतो. ही तिसरा सोडत नाही. का, तर पुढे रिक्षा असते, रिक्षाच्या पुढे बस असते, बसच्या पुढे म्हैस असते, मग चौथा टाकून जायचं कुठे? तिसरा गिअर, वेग ४० ते ४५, एसी चालू, एवढं सगळं जुळून आलं की डॅशबोर्डच्या खालून कुठूनतरी खर्रर्र यायचं. पन्नास गाठले की गप्प. एसी बंद केला तरी गप्प.

आधी गाडी रिकामी करायची, हा उपाय खरा आहे, कुणी सांगितला नाही तरी करावा. डिकीतून अक्कलकोटच्या प्रसादाचा एक वाळलेला नारळ निघाला, जो वळणावर इकडून तिकडे जात असणार. शेंगाचटणीची एक बाटली निघाली, मुलीला पुण्याला द्यायची म्हणून ठेवलेली. मुलगी दोनदा येऊन गेली होती. शिवाय जॅकचा दांडा, आईच्या गोळ्यांची डबी आणि माझी हरवलेली छत्री. गाडीतले निम्मे आवाज त्या दिवशी गेले. खर्रर्र राहिलं.

मग मी ऑफिसात विषय काढला. तसं करायला नको होतं असं म्हणणार नाही, कारण टाळणं शक्यच नव्हतं. जुन्या गाडीचा मालक चहाच्या टेबलावर दुसरं बोलणार काय? एकाने क्लच सांगितलं, त्याची क्लचप्लेट गेल्या वर्षी गेली होती. एकाने गिअरबॉक्स सांगितला, त्याचा गिअरबॉक्स तुळजापूरच्या रस्त्यात बसला होता. प्रत्येकाचं निदान म्हणजे त्याने पूर्वी भरलेलं बिल. मेव्हण्याने अजून कुठल्याच गाडीची दुरुस्ती केलेली नाही. तो म्हणाला, "विकून टाका."

आमचे नेहमीचे मिस्त्री शांत माणूस आहेत. त्यांनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक ओढून ऑइल बघितलं, बोटावर घेऊन चोळलं, पोऱ्याला "रेस दे" म्हणाले, मान तिरकी केली आणि निकाल दिला, "टॅपेट."

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हला दाबणारा भाग. तिथे अगदी बारीक, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी फट ठेवावी लागते. ती वाढली की टकटक सुरू होते. आमचं खर्रर्र होतं, टकटक नव्हतं, पण मिस्त्रींपुढे मी काय बोलणार? फिलर गेजची पत्ती घालून त्यांनी एकेक फट नीट केली. इंजिन आधीपेक्षा खरोखर मऊ चालायला लागलं. "गेला का आवाज?" त्यांनी विचारलं. मी चौथ्या गिअरमध्ये एक चक्कर मारून "गेला" म्हणालो आणि पैसे दिले. दुसऱ्या दिवशी ही शाळेतून आली. काही बोलली नाही. फक्त किल्ली खुंटीला न लावता माझ्या पुढ्यात ठेवली.

तेव्हा मी स्वतःच शोध घ्यायचं ठरवलं. जुनी युक्ती आहे: लांब पेचकसाचं टोक इंजिनाच्या एकेका भागाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. शर्टाची बाही, गळ्यातला रुमाल पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवायचा, एवढं पथ्य. पण याचा तोटा असा की एकदा पेचकस कानाला लावला की आजारी नाही असा भागच उरत नाही. इंजेक्टर टिकटिक करतात, ते करायचेच. टायमिंग चेन सरसर करते, तीही करायचीच. अल्टरनेटर गुणगुणतो. वॉटर पंपही काहीतरी पुटपुटत होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी तासभर वाकून सगळ्यांचं ऐकून घेतलं. लक्ष्मी मंडईत सकाळी आठ वाजता उभं राहिल्यावर जेवढा बोध होतो, तेवढाच झाला.

दुसरी युक्ती पट्ट्याची. चालू इंजिनाच्या पट्ट्यावर थोडं पाणी शिंपडायचं. आवाज क्षणभर बंद होऊन परत आला तर दोष पट्ट्यात. मी तांब्या घेऊन निघालो तर हिने अडवलं. "नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि तुम्ही पट्ट्याला पाजताय?" सोलापुरात या युक्तिवादाला उत्तर नाही. धुण्याचं उरलेलं पाणी मिळालं. पट्ट्याला स्वच्छ सुगंध आला, बाकी काही फरक पडला नाही.

मग मोठं वर्कशॉप झालं. तिथे काचेच्या खोलीत बसवतात, चहा देतात, आणि गाडीला कॉम्प्युटर लावतात. स्कॅनरवर एकही दोष आला नाही. तिथला मुलगा मला अशा आनंदाने "ऑल ओके सर" म्हणाला की मी क्षणभर आभारच मानले. पण कॉम्प्युटरला सेन्सर सांगतील तेवढंच कळतं. काही गाड्यांच्या इंजिनाला नॉक सेन्सर असतो, म्हणजे एक छोटा कानच म्हणा. पण तोही फक्त पेट्रोल अवेळी पेटल्याचा ठोका ऐकतो, इतर भानगडीत पडत नाही. आमच्या गाडीला तोही नाही.

"उभ्या गाडीत आवाज येत नाही सर, चालवून बघावं लागेल."

चालवून बघायचं म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ४५ हा वेग निदान मिनिटभर टिकवायचा. सोलापुरात हे कुठे करायचं ते सांगा. सात रस्त्याला शक्य नाही, आसरा चौकात तर विचारही नको. शेवटी होटगी रोड. स्टिअरिंगवर ही, शेजारी वर्कशॉपचा मुलगा, मागे मी. महिना मे, बाहेर पारा ४२ च्या वर. आवाजासाठी एसी चालू पाहिजे, आणि तो ऐकू येण्यासाठी काचा खाली पाहिजेत. म्हणजे पुढून गार वारा पायावर आणि बाजूने भट्टी तोंडावर. पंचेचाळीस गाठला की स्पीडब्रेकर. परत पहिला, दुसरा, तिसरा. "येलालाय का?" मी विचारायचो. "थांबा थांबा" म्हणून मुलगा कान पुढे करायचा आणि नेमका तेव्हाच मागचा ट्रक हॉर्न द्यायचा. गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँमध्ये बिनसायलेन्सरची मोटार भिंतीवरून फिरते, तिथे कुणी 'आवाज कुठून येतोय' म्हणून विचारत नाही. मला त्या चालकाचा हेवा वाटला.

मुलाने शेवटी ऐकला. चेहरा गंभीर केला आणि म्हणाला, "बेअरिंग असू शकतं. इंजिन उघडावं लागेल." त्याने एकेका सिलिंडरची वायर काढून पाहिली होती. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर त्या सिलिंडरची ठिणगी बंद केल्यावर ठोका मवाळ होतो. इथे काहीच बदललं नव्हतं. तरी "असू शकतं." खर्चाचा अंदाज गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून वर होता. काचेच्या खोलीतला चहा फुकट का असतो ते समजलं.

आमच्या शेजारी अण्णा राहतात. आयुष्य पूर्व भागात यंत्रमागावर गेलं, जॉबर होते. विणकर माग चालवतो, पण माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो जॉबर. सोलापूरच्या चादरीला २००५ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याचे पेढे त्यांनी स्वतः वाटले होते. मुलाने इकडे घर घेतलं म्हणून ते इकडे आले. बायकोशी तेलुगूत बोलतात, आमच्याशी मराठीत, दूधवाल्याशी कानडीत. ऐकतात मात्र कुठल्याच भाषेत नाही. मागांच्या खटखटाटात चाळीसेक वर्षं काढलेल्या माणसाचे कान उरत नाहीत. मुलाने मशीन आणून दिलंय, ते खिशात असतं.

आम्ही गेटवर आवाजावरून वाद घालत होतो. ते आमच्या ओठांकडे बघत होते; मागाच्या शेडमध्ये बोलणं असंच वाचायचं असतं. आत येऊन सरळ पुढच्या सीटवर बसले. हिला म्हणाले, "चला, ताई."

"अण्णा, आवाज ऐकायचाय," मी ओरडून सांगितलं.

"ऐकायचं काय त्यात? माग काय ऐकून दुरुस्त करतात होय? दोनशे माग चालू असले तर काय ऐकणार तुम्ही?"

होटगी रोडला लागल्यावर त्यांनी काचा वर करायला लावल्या. उजवा तळहात गिअरच्या दांड्याजवळ ठेवला, डावा डॅशबोर्डखाली. चप्पल काढून एक पाय फरशीवर टेकवला आणि डोळे मिटले. हिने तिसरा गिअर टाकला. खर्रर्र आलं, त्याच क्षणी अण्णांनी बोट वर केलं. मला ऐकू येण्याच्या आधी, हे मी शपथेवर सांगतो. पन्नासला बोट खाली. परत पंचेचाळीस, बोट वर.

"इंजिन नाही," ते म्हणाले.

"मिस्त्री टॅपेट म्हणाले होते."

"टॅपेट आमच्या मागालाबी असतं." आणि मग होटगी रोडवर, एसीच्या वाऱ्यात, त्यांनी मला शिकवलं. मागाला क्रँकशाफ्ट असते, खाली दुसरी शाफ्ट असते. वरचीचे दोन फेरे होतात तेव्हा खालचीचा एक. साधा कापड विणताना टॅपेट त्या खालच्या शाफ्टवर असतं. इंजिनातही हाच हिशेब, क्रँकचे दोन, कॅमचा एक. "टॅपेट वाजलं असतं तर गाडी पळवल्यावर भराभर वाजलं असतं, मोजता आलं असतं. हे मधीच येतंय, मधीच जातंय. ही मोजणी नाही. पत्रा हाय. सैल पत्रा. प्रत्येक पत्र्याचा एक वेग असतो, त्या वेगाला तो थरथरतो. पुढं गेलं की गप." त्यांनी पायाने जागा दाखवली. "हितं. खाली."

सकाळी गाडी थंड असताना मिस्त्रींकडे खड्ड्यावर घेतली. अण्णा सोबत आले होते. पोऱ्याने खाली उतरून सायलेन्सरच्या पाइपवरच्या पत्र्यावर मूठ मारली. खर्रर्र. हुबेहूब. तापलेल्या पाइपची धग फरशीला लागू नये म्हणून तो पत्रा असतो. त्याच्या एका बोल्टभोवतीचं भोक गंजून एवढं मोठं झालं होतं की बोल्ट जागेवर होता आणि पत्रा मोकळा. एसी लावला की इंजिनावर भार येतो, ते माउंटिंगवर किंचित कलतं, पाइपही हलतो, आणि पत्रा वाजायला लागतो.

"काढून टाकू का?" पोऱ्याने विचारलं.

अण्णांना तेवढं ओठांवरून कळलं. नाही म्हणून त्यांनी हात हलवला. मागाला असतं तर चामड्याच्या पट्टीने आवळलं असतं, म्हणाले, पण इथे चामडं जळेल. स्टीलचा क्लॅम्प आणा, होजपाइपला लावतात तो, मोठ्या मापाचा. पोऱ्या समोरच्या हार्डवेअरमधून घेऊन आला, पत्र्यावरून फिरवला, पेच आवळला. चहा यायच्या आत काम झालं.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "मी तेव्हाच म्हणलो होतो, इंजिनात काय नाही."

"तुम्ही टॅपेट म्हणाला होता."

"मग? टॅपेट केलं म्हणून तर पत्र्याचा आवाज मोकळा ऐकू आला की तुम्हाला!"

यावर काय बोलणार? मी पाकीट काढलं. "किती झाले?"

"द्या तीनशे," मिस्त्री अगदी हळू म्हणाले, माझ्या कानाशी.

अण्णा पलीकडे बाकावर बसले होते, पाठ आमच्याकडे, मशीन खिशात.

"शंभर दे," ते म्हणाले.