पोस्टर पोरांनीच का करायचं? एका वाचकाला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंत, 'लैंगिक आरोग्याची पोस्टरं कॉलेजच्या पोरांकडून करून घेणं म्हणजे पेशंटकडूनच औषधाची चिठ्ठी लिहून घेणं. हे काम डॉक्टरांचं. पोरं चटकदार करतील, चुकीचं करतील. आणि मराठी घरातल्या मुलींना यात ओढायचं कारणच काय?' इंदूरच्या शाळेत तुम्ही आयुष्यभर शिकवलंत. हे काळजीपोटी लिहिलंय, हे कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चुका होतील हे मान्यच, कारण एक झालीच होती. पहिल्या खेपेला एका पोस्टरवर ओळ होती, 'शंका आहे? उद्याच एचआयव्हीची तपासणी करा.' मला ती आवडली, मी हो म्हटलं. छापायला जायच्या आधी आमच्या डॉक्टर ताईंनी त्यावर लाल पेनानं फुली मारली. लागण झाली असली तरी दुसऱ्या दिवशी चाचणीत काही दिसत नाही. काही आठवडे जावे लागतात, चाचणीच्या प्रकाराप्रमाणे कधी तीन महिनेसुद्धा. म्हणजे पोरगा 'निगेटिव्ह' लिहिलेला कागद खिशात घालून निर्धास्त घरी जाणार, आणि खरं तातडीचं काम राहून जाणार. ते काम असं, की ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घेतलेली औषधं लागण टाळू शकतात. आता पोस्टरवर तेच आहे. डॉक्टरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय आमची एक ओळही बाहेर पडत नाही आणि पोस्टर करणारा प्रत्येक जण अठरा वर्षं पूर्ण झालेला आहे.

पण डॉक्टरांना न दिसणारी गोष्ट पोरांना कशी दिसते, तेही सांगते. आमचं आधीचं, मोठ्या माणसांनी केलेलं पोस्टर होतं चांगलं दोन हात लांब. मजकूर अचूक. तपासणी केंद्राच्या दारासमोर लावलं होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी त्याच्यासमोर उभी राहिली, मग मागे वळून रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'ताई, हे वाचायला मी इथे उभी राहिले की समोरच्या पोह्याच्या दुकानातले सगळे मला बघणार. कोण वाचेल?' आम्ही महिनाभर मजकुरावर घासाघीस केली होती. वाचणारा उभा कुठे राहील, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तिनं पोस्टरचं पोस्टकार्डाएवढं स्टिकर केलं आणि मुलींच्या स्वच्छतागृहात दाराच्या आतल्या बाजूला लावलं. कडी लावल्यावरच दिसतं. त्यावर एड्सच्या सरकारी हेल्पलाइनचा १०९७ हा नंबर मोठ्या अक्षरात आहे, कारण तो फुकट लागतो आणि नाव सांगावं लागत नाही.

आता मुलींना ओढण्याबद्दल. काका, त्या आधीपासूनच यात आहेत, फक्त एकट्या आहेत. आम्ही कॉलेजात चिठ्ठ्यांचा डबा ठेवतो. मुलींच्या चिठ्ठ्यांत सगळ्यात जास्त वेळा येतं ते पांढरं पाणी, 'त्यानं हाडं झिजतात का?' नाही झिजत. थोडा स्राव नैसर्गिक असतो. वास, खाज किंवा रंग बदलला तर दाखवावं. एका चिठ्ठीत होतं, 'गर्भपाताला घरच्यांची सही लागते का?' १९७१ च्या कायद्याप्रमाणे अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. डॉक्टर ताई म्हणाल्या, 'हे मला इतकं माहीत आहे, की पोस्टरवर घालायचं सुचलंच नसतं.'

मुलांच्या चिठ्ठ्या धातू जाण्याच्या, म्हणजे वीर्याच्या. वीर्य गेलं की रक्त आटतं, ही भीती. रेल्वेनं जाताना भिंतींवर 'गुप्त रोग, शर्तिया इलाज' रंगवलेलं तुम्हीही बघितलं असेल. आपण घरात गप्प बसलो आणि त्या भिंती बोलत राहिल्या. शाळेनं बोलायचं तर २००७ साली आपल्या मध्य प्रदेशानं किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला, महाराष्ट्रानं आणि गुजरातनंही. तेव्हा बारा वर्षांची असलेली मुलं आज स्वतः आईबाप झालीत. पुढे २०१४ मध्ये केंद्र सरकारनंच राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावोगावच्या पोरापोरींना 'साथिया', म्हणजे आपल्याच वयाच्या मुलांना आरोग्याची माहिती देणारे, म्हणून तयार करायचं ठरवलं. म्हणजे ही माझ्या डोक्यातली टूम नाही.

आणि 'मराठी घर' म्हणालात म्हणून आठवण देते. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. १९३४ चा खटला त्यांच्यावर झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. आंबेडकर. तिथेही सुरुवात लोकांच्या प्रश्नांपासूनच होती. आमचा डबा त्याहून वेगळं काही करत नाही.

चटकदारपणाबद्दल तुमचं थोडं खरं आहे. एका मुलानं केलेली रील मी स्वतः थांबवली, कारण त्यात आजारी माणसाची टिंगल होती. त्यावर तासभर वाद झाला, आणि त्यानंच ती पुन्हा नव्यानं केली. बघायची असेल तर पाठवते.

एक चिठ्ठी मात्र अजून माझ्या टेबलावर तशीच पडून आहे. वहीचा चौकटीचा कागद, निळी शाई. 'तपासणीचा कागद घरात कुठे ठेवू?' डॉक्टर ताईंकडे उत्तर नाही. पोरं म्हणतात, जाळून टाक. मला ते पटत नाही, पुढच्या वेळी डॉक्टर जुना कागद मागतील. आम्ही दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बसतो. तुमच्यासमोर हजारो मुलं बसून गेली आहेत आणि त्यांचे आईवडीलही. या शनिवारी याल का? ही चिठ्ठी तुम्हाला दाखवायची आहे.