भोंगा गप्प करण्याची रीत

बेळगावात कुंदा किंवा गुळाची पावडर पाकिटांत भरण्याचा कारखाना आपण चालवीत असाल आणि पट्ट्यावरील मेटल डिटेक्टर दर दहा मिनिटांनी भोंगा वाजवून माल बाहेर ढकलीत असेल, तर सर्वप्रथम त्याची सेन्सिटिव्हिटी कमी करावी. भोंगा थांबेपर्यंत ती कमी करीतच जावे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असे कोणी म्हणाल्यास त्याची बदली रात्रपाळीत करावी.

पट्टा रिकामा चालवून पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. रिकाम्या पट्ट्यावरही भोंगा वाजला तर दोष मालात नाही हे पाच मिनिटांत उघड होते, आणि मग कुंद्याला बोल लावता येत नाही. वास्तविक कुंदा हा अगदी सोयीचा आरोपी आहे. यंत्रातील मधली कॉइल चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, तिच्या दोन्ही अंगांच्या कॉइल एकमेकींचे संदेश तंतोतंत खोडून काढतात, आणि हा तोल धातूप्रमाणेच ओलसर, खारट किंवा गरम मालानेही ढळतो. म्हणून सकाळी थंड कुंदा दाखवून यंत्र जुळवून घ्यावे, दुपारी कढईतून उतरलेला ऊन कुंदा त्यातून सोडावा आणि यंत्र बनवणाऱ्याच्या नावाने बोटे मोडावीत. पावसाळ्यात गुळाची पावडर दमट होते तेव्हाही हीच रीत चालते.

दोष पट्ट्याच्या सांगाड्यात असण्याची शक्यता फार मोठी असते, म्हणूनच तिकडे अजिबात पाहू नये. सैल बोल्ट किंवा तडकलेला वेल्ड हादऱ्यांनी क्षणात जुळतो, क्षणात सुटतो. त्याबरोबर सांगाड्यातून फिरणाऱ्या विजेचा वळसा पुरा होतो आणि मोडतो, आणि यंत्राला तो धातूच वाटतो. उद्यमबागेत, जिथे फाउंड्री आणि मशीनशॉप यांची वाण नाही, हातात पाना घेतलेला कोणीही फिटर हे अर्ध्या तासात शोधील. तेव्हा त्याला बोलावू नये. यंत्राच्या तोंडाच्या उंचीच्या साधारण दीडपट अंतरात स्थिर धातू आणि दुपटीच्या आत हलता धातू नसावा, असा संकेत आहे. एवढी मोकळी जागा पाहून लोखंडी स्टूल कोणाला आठवणार नाही? मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह आणि डिटेक्टर एकाच वीजजोडणीवर ठेवावेत आणि शेजारी वेल्डिंग काढावे. त्याचा कीस पट्ट्यात रुतला, तर पट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागीच भोंगा वाजेल. फेरे मोजू नयेत.

यंत्र धातू पकडते की नाही हे पाहण्यासाठी त्यातून सोडायच्या चाचणीच्या गोळ्यांबाबत थोडी शिस्त हवी. लोखंड, पितळ आणि स्टेनलेस स्टील असे तीन गोळे असतात. त्यांपैकी स्टेनलेस सापडण्यास सर्वांत अवघड, आणि कारखान्यातील चाळण्या, पाती बहुधा त्याचीच, म्हणून तो गोळा साहेबांच्या खणात सुरक्षित ठेवावा. दर तासाच्या चाचणीच्या सह्या सोमवारीच आठवडाभरासाठी उरकाव्यात.

बाहेर पडलेले पाकीट उघडण्यात वेळ दवडू नये, ते पुन्हा पट्ट्यावर ठेवावे. दुसऱ्या फेरीत भोंगा वाजला नाही की आधीचा इशारा खोटा होता हे सिद्ध होते. पाकीट आडवे पडल्यामुळे आतल्या बारीक तारेची दिशा बदलली असेल का, याचा शोध गिऱ्हाइकाच्या दातांवर सोपवावा.