'इस्टेशन' म्हटलं म्हणून कुणी अडाणी ठरत नाही

परभणीच्या आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. 'इंग्रजी बोलताना तुमचं खेडं उघडं पाडणाऱ्या चुका', आणि खाली ठळक अक्षरांत 'ऑक्सफर्डच्या तज्ज्ञांनी ठरवलेले नियम'. असले मेसेज मी एरवी सोडून देतो. हा भाचीने मनावर घेतला. पोरगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, संभाजीनगरला कॅम्पस मुलाखती तोंडावर आल्यात, आणि ही म्हणायलीय, "मामा, मी ग्रुप डिस्कशनला बसतच नाही. तोंड उघडलं की खेडं कळतंय."

आधी ते 'ऑक्सफर्डने ठरवलं' बघू. इंग्रजीचे नियम ठरवून देणारी कुठलीही अधिकृत संस्था इंग्लंडात नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोश आहे. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला, पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडलं. लोक काय लिहितात, कधीपासून लिहितात, याची दाखल्यांसह नोंद ठेवणं हे त्याचं काम. तोच कोश उघडून हा मेसेज तपासू.

'प्रीपोन असा शब्दच नाही, तो आपल्याकडच्या लोकांची चूक.' कोशात हा शब्द आहे. 'ठरलेली वेळ अलीकडे आणणे' या अर्थाचा दाखला १९१३ चा आहे, तोही अमेरिकेतला. एवढं मान्य की इंग्लंडातल्या माणसाला हा शब्द चटकन कळेलच असं नाही, तिकडे मेल पाठवताना दुसरा वापरावा.

'ऑर्गनाइजमध्ये झेड ही अमेरिकन चूक.' ऑक्सफर्डचा कोश स्वतःच झेड छापतो! 'ऑफ्टनमधला ट उच्चारणारा अशिक्षित.' त्यांचे कोश दोन्ही उच्चार देतात. 'वाक्य प्रीपोझिशनने, म्हणजे टू, विथ असल्या शब्दाने, संपवू नये.' ही हरकत इंग्रज कवी ड्रायडनने १६७२ साली आधीच्या काळातला नाटककार बेन जॉन्सन याच्या लिखाणावर घेतली होती, आणि कोशकार फाउलरने इंग्रजीच्या वापरावरच्या आपल्या १९२६ च्या ग्रंथात या नियमाला सरळ अंधश्रद्धा म्हटलं. तरी आपल्याकडे पोरांचे मार्क त्यावरून कापले जातात.

आता भाचीला लागलेला मुद्दा. "इस्कूल, इस्टेशन म्हणणाऱ्यांच्या जिभेला वळण नसतं, कंपनी अशांना दारातूनच परत पाठवते." हे लिहिणाऱ्याला भाषा म्हणजे काय याचा गंधही नाही. शब्दाच्या सुरुवातीलाच 'स'ला दुसरं व्यंजन जोडून आलं की अनेक भाषांतली माणसं आधी एक छोटा स्वर घेतात. आमच्याकडे मराठी बोलणाराही घेतो, दखनी बोलणाराही घेतो. स्पॅनिशमध्ये शाळेला 'एस्कुएला' आणि स्टेशनला 'एस्तासिओन' म्हणतात, आणि तिथे ती प्रमाणभाषा आहे. लॅटिनचा 'स्कोला' जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्कोल' झाला, त्याचंच आजचं 'एकोल'. खुद्द इंग्रजीत 'स्टेट' आणि 'इस्टेट' एकाच लॅटिन शब्दातून आलेत. फ्रेंचांनी पुढे स्वर लावला, इंग्रजांनी दोन्ही रूपं ठेवून घेतली. 'स्क्वायर' (जमीनदार या अर्थाचा, चौकोनाचा 'स्क्वेअर' नव्हे) आणि 'इस्क्वायर'चंही तेच. आपल्याकडे संस्कृतातल्या 'स्त्री'चं पालीत आणि प्राकृतात 'इत्थी' झालं. म्हणजे जी खोड पॅरिस आणि माद्रिदमध्ये भाषा ठरते, ती परभणीत जिभेचा दोष? इंग्रजांनी फ्रेंचांकडून 'इस्टेट' घेतला तेव्हा त्यांना कुणी खेडवळ म्हटलं नाही.

हो, मुलाखतीत हा 'इ' कुणाकुणाच्या कानाला खटकतो, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. तो घालवायचा असेल तर घालवता येतो. 'स' लांब धरायचा, 'स्स्स', आणि श्वास न तोडता 'टेशन' म्हणायचं. 'बस स्टेशन' सलग म्हटलं तर आणखी सोपं, कारण आधीच्या शब्दाचा 'स' जिभेवर असतोच. भाचीला फोनवर म्हणायला लावलं, चार-पाच वेळा म्हटल्यावर जमलं. एवढ्यासाठी पोरीने ग्रुप डिस्कशन सोडायचं?

मेसेजमधलं बाकीचं, म्हणजे 'कलर'चं अमेरिकन स्पेलिंग वगैरे, वेळ घालवण्यासारखं नाही. पेपरात एक पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

ग्रुपमध्ये ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला, त्यांना माझं सांगणं आहे: ज्या पोरांना तो पाठवलात, त्यांना आज स्वतः फोन करा आणि तो खोटा आहे असं सांगा. मुलाखती पुढच्याच आठवड्यात आहेत.