‘स्वदेशी’ सिनेमानंतरचे नाहीत : एक खुलासा

‘गली बॉय आला आणि मुंबईत रॅप करणारी पोरं उगवली, स्वदेशीवाले त्यातलेच,’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे.

सिनेमा आला फेब्रुवारी २०१९ मध्ये. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या रॅप ग्रुपची मंडळी एकत्र आली ती २०१३ च्या सुमारास. कुर्ल्याचा रॅपर नेझी, त्याचं ‘आफत’ हे गाणं २०१४ चं, तेही आयपॅडवर चित्रित केलेलं. नेझी आणि दुसरा रॅपर डिव्हाइन यांचं ‘मेरे गली में’ २०१५ चं. सिनेमाच या पोरांवरून सुचला, उलट नाही. सिनेमामुळे नाव घराघरात गेलं, हे मात्र खरं.

‘स्वदेशी’त मला आवडतं ते वेगळंच. एमसी मवाली मराठीत रॅप करायचा, एमसी तोडफोड गुजरातीत, आणि दोघंही दुसऱ्याच्या भाषेला धक्का न लावता एकाच बीटवर चढायचे. दोस्ती असल्याशिवाय हे जमत नाही. २०१९ च्या ‘वारली रिव्हॉल्ट’ या गाण्यात तर त्यांनी आरेच्या जंगलातल्या केलटीपाड्यात राहणाऱ्या आदिवासी प्रकाश भोईरांना सोबत घेतलं. जंगलाचं गाऱ्हाणं जंगलातल्या माणसाच्याच गळ्यातून! (नाव ऐकून १९४५ चा वारल्यांचा उठाव आठवला नाही, तर आजोबांना विचारा.)

आणखी एक. ‘तोडफोडने ग्रुप सोडला,’ असंही कुणीतरी त्याच मेसेजखाली जोडलंय. धर्मेश परमार, म्हणजे तोडफोड, मार्च २०२२ मध्ये वारला. चोवीस वर्षांचा होता. कृपया ती ओळ तरी पुढे ढकलू नका.