हात मोकळे असले म्हणून काय झालं?

घरच्या ग्रुपवर काल पुन्हा तोच मेसेज: ‘मेंदूविज्ञान सांगतं, कानात ब्लूटूथ असेल तर गाडी चालवताना बोलणं शंभर टक्के सुरक्षित.’ खाली पाच मुद्दे आणि अंगठ्यांची रांग. अंगठे देणाऱ्यांतले दोघं रोज नागपुरात वर्धा रोडने ऑफिसला जातात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन हे लिहिणं आलं.

‘हात मोकळे, म्हणजे धोका नाही.’ धोका हातांचा होताच कुठे, राजेहो? अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात स्ट्रेअर आणि जॉन्स्टन या संशोधकांनी 2001 मध्ये लोकांना जॉयस्टिकने पडद्यावरच्या खुणेचा पाठलाग करायला लावला. खूण लाल झाली की ब्रेकचं बटण दाबायचं. फोनवर बोलताना हुकलेले लाल इशारे दुपटीहून जास्त झाले, आणि जे दिसले त्यांनाही बटण उशिरा दाबलं गेलं. फोन हातात की हँड्सफ्री, काडीचा फरक नाही. रेडिओ ऐकणाऱ्यांचं मात्र काही बिघडलं नाही. लक्ष खातं ते समोरच्याचं समजून घेऊन उत्तर जुळवणं. पुढे 2003 मध्ये नजर टिपणारं यंत्र लावलं, तर बोलणाऱ्यांची नजर फलकांवर पडूनही नंतर ते फलक त्यांना कमी ओळखता आले. म्हणजे ‘मी समोरच बघत होतो’ हे खोटं नसतं. तरी मेट्रोच्या खांबाआडून निघालेला ऑटो डोक्यापर्यंत पोचत नाही. 50 च्या वेगाला गाडी सेकंदात सुमारे 14 मीटर जाते. ब्रेकला अर्धा सेकंद उशीर झाला, की 7 मीटर गेले.

‘शेजारच्याशी बोलतोच ना?’ शेजारच्याला रस्ता दिसतो. छत्रपती चौकात गर्दी लागली की तो गप्प होतो, नाहीतर ‘अरे, समोर!’ म्हणून ओरडतो. पुण्यातून फोनवर बोलणाऱ्या आत्याला त्याचा पत्ताच नसतो.

‘सरावाने जमतं.’ अर्धं खरं, मान्य. क्लच-गिअर अंगवळणी पडतात. मोकळ्या रस्त्यावर निभावतं आणि तिथेच फाजील विश्वास येतो. अचानक आडवं येणाऱ्या गुराचा सराव कुणाला असतो?

‘गोल्डफिशचं लक्ष 9 सेकंद, माणसाचं 8.’ हा मुद्दा तर सोडूनच द्या. लक्षाला असं एकच माप नसतं. कामागणिक ते बदलतं.

‘चलान होत नाही.’ मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत हातात धरलेल्या उपकरणाचाच उल्लेख आहे, हे बरोबर. पण चलान नाही म्हणून काही ब्रेक लवकर लागत नाही.

किल्ली फिरवण्याआधी फोन सायलेंट करा. फारच गरज असेल तर गाडी कडेला थांबवून बोला. आणि फोन करणाऱ्यांनो, आधी ‘गाडीवर आहेस का?’ विचारा, ‘हो’ आलं, की तुम्हीच कट करा.