प्रोफाइलवर नुसतं #नागपूर लावून तुम्ही कोणाला सापडत नाही

मंडळी, आपल्या गावातली कोणतीही दहा प्रोफाइल उघडून पाहा. बायोत ठरलेला माल असतो: #नागपूर, #नागपूरकर, #ऑरेंजसिटी, #विदर्भ, #फूडी, #ट्रॅव्हल. म्हणजे माणूस नागपूरचा आहे, जेवतो आणि अधूनमधून बाहेरगावी जातो, एवढं कळलं. तो लिहितो कशावर, याचा पत्ताच नाही. प्रोफाइलवर ठेवलेले टॅग हे आपल्या जुन्या लिखाणाची अनुक्रमणिका म्हणून निवडावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या टॅगखाली दाखवायला काही नाही, तो वर टांगू नये. मग तो कितीही चालणारा असो.

आधी एक गोष्ट तपासा. टॅग दाबला की वाचक जातो कुठे? मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कवर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये 'फीचर्ड हॅशटॅग' ठेवायची सोय आहे, जास्तीत जास्त १०. त्यातला एक दाबला की त्या टॅगच्या फक्त तुमच्या पोस्ट उघडतात. टॅगखाली किती पोस्ट आहेत आणि शेवटची कधीची आहे, हेही कळतं. इन्स्टाग्रामवर २०१८ पासून बायोतला टॅग दाबता येतो, पण दाबणारा तुमच्या प्रोफाइलवरून उठून जगभराच्या पोस्टमध्ये जाऊन पडतो. तुमचा फोटो तिथे त्याला दिसेलच याची काही हमी नाही. त्यामुळे इन्स्टाग्रामच्या बायोत एक तर स्वतः बनवलेला, दुसरं कोणी न वापरणारा टॅग ठेवावा, नाहीतर टॅग ठेवूच नये आणि साध्या शब्दांत लिहावं: 'सावजी रस्सा, घरगुती मसाले, महाल'. शोधायला तेही पुरतं.

लिंक्डइनने २०२१ मध्ये 'क्रिएटर मोड' आणला, त्यात प्रोफाइलवर पाच विषय लावता यायचे. २०२४ मध्ये ते काढून टाकलं. ज्यांनी सगळी भिस्त त्या पाच शब्दांवर ठेवली होती त्यांची पाटी कोरी झाली. ज्यांनी टॅग पोस्टमध्येच लिहिले होते त्यांचं फार काही बिघडलं नाही. थ्रेड्सवर एका पोस्टला एकच विषय लागतो, पण त्यात शब्दांमध्ये जागा सोडता येते. फेसबुकवर टॅग २०१३ पासून आहेत, प्रोफाइलवर त्यांच्यासाठी वेगळी मांडणी मात्र नाही. इथे सरळ उपाय असा की पिन करायची सोय असेल तर एक पोस्ट वर पिन करा, तिच्यात चार-पाच टॅग आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिहा: या टॅगखाली काय मिळेल. आणि फेसबुकवर पोस्ट 'फ्रेंड्स'साठी असेल तर टॅग लावूनही ती परक्याला दिसत नाही. टॅगमुळे प्रायव्हसी बदलत नाही. याच एका कारणाने कितीतरी जणांचे टॅग वाया जातात.

आता निवड. शेवटच्या पन्नास पोस्ट खाली स्क्रोल करत जा आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द लिहा: विषय काय? कागदावर केलं तरी चालेल, खरं तर कागदावरच करा. मग मोजा. ज्या शब्दाखाली आठ-दहा पोस्ट जमतात आणि त्यातली एखादी तरी गेल्या तीन महिन्यांतली आहे, तो लायक. बहुतेकांचे असे तीन किंवा चारच निघतात. दहाची परवानगी आहे म्हणून दहा भरायचे नसतात. इन्स्टाग्रामवर एका पोस्टला तीस टॅग चालायचे त्या काळातही, २०२१ मध्ये, त्यांनी स्वतःच तीन ते पाच पुरेत असं सांगितलं होतं. लोकांनी ऐकलं नाही, तो भाग वेगळा.

खरी गंमत पुढेच आहे, आणि ती फक्त आपल्या लिपीची आहे. मोबाईलला शुद्धलेखन समजत नाही. एक वेलांटी इकडची तिकडे झाली की टॅग वेगळा. #नागपूर लिहिलं तर मराठी वाचणारे भेटतात, #नागपुर लिहिलं तर हिंदी वाचणारे, आणि रोमन लिपीत लिहिलं तर तिसरंच गाव. तिन्हींची पानं वेगळी. शहरात दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे कीबोर्ड कधी ह्रस्व सुचवतो कधी दीर्घ, आणि लिहिणारा न बघता दाबतो. सहा महिन्यांनी निम्म्या पोस्ट एका टॅगखाली आणि निम्म्या दुसऱ्याखाली. प्रोफाइलवर मात्र एकच लावलेला.

त्याहून बेरकी प्रकार 'वऱ्हाड' या शब्दाचा. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाईप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे 'ह'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि 'ह'. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्रासाठी मात्र ते दोन वेगळे शब्द, आणि काही ठिकाणी त्या अदृश्य चिन्हापाशी टॅग तुटतोच. उरतो नुसता 'वर्'. #वऱ्हाडी लावणाऱ्यांनी हे एकदा तपासाच. 'ॲप' मधल्या 'ॲ'चीही हीच कथा: एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि 'अ'वर चंद्र चढवूनही तसंच रूप तयार करता येतं.

तपासायची पद्धत अगदी सोपी आहे. पोस्ट टाकल्यावर टॅगचा निळा रंग कुठपर्यंत जातो ते पाहा, मग टॅग दाबा आणि तुमच्या जुन्या पोस्ट तिथे आहेत का बघा. निळा रंग मध्येच थांबला तर कारण बहुतेक वेळा पुढीलपैकी एक असतं. शब्दांत जागा राहिली. '#तान्हा-पोळा' असा आडवा डॅश आला, मग उरला नुसता #तान्हा. किंवा विसर्गाच्या जागी कोलन पडला: 'दुःख' ऐवजी 'दु:ख' लिहिलं की टॅग 'दु'वरच संपतो. जोडायचंच असेल तर अंडरस्कोर वापरा, #तान्हा_पोळा. रोमनमध्ये मोठ्या अक्षराने शब्द कुठे सुरू झाला ते कळतं. देवनागरीत मोठं अक्षर नाही, त्यामुळे लांब टॅग डोळ्यांनाही जड जातो आणि फोन मोठ्याने वाचून घेणाऱ्या अंध वाचकालाही. फक्त एकदा ठरवलं की कायम तसंच, कारण #तान्हापोळा आणि #तान्हा_पोळा हे दोन वेगळे टॅग आहेत. आकड्यांचंही तेच: '१४' देवनागरीत आणि रोमनमध्ये वेगळा धरला जातो, आणि मॅस्टोडॉन किंवा एक्सवर नुसत्या आकड्यांचा टॅग लागतच नाही.

मराठीत आणखी एक पंचाईत आहे, ती म्हणजे विभक्ती. 'आज #संत्र्याच्या बागेत' असं वाक्यात टॅग घुसवून लिहिलं की टॅग झाला #संत्र्याच्या. तो कोण शोधणार? वाक्य मोकळं लिहा आणि टॅग शेवटी मूळ रूपात द्या. कोणतं मूळ रूप, तेही ठरवा. आपल्याकडे #संत्रा म्हणतात, पुण्याकडचा माणूस #संत्रं शोधेल, बाजारभाव पाहणारा #संत्री. बागायतदार वाचक हवे असतील तर #संत्रा ठेवा. वाचक तुमचे आहेत, त्यांचीच बोली धरा.

हाच धागा जरा पुढे नेऊ. समजा कोणी काटोल-कळमेश्वर भागातल्या संत्राबागेवर लिहितंय. पहिला मोह #शेती. नको. त्या पानावर भात, ट्रॅक्टर, पीकविमा, पुढाऱ्यांचे फोटो सगळं एकत्र, त्यात तुमची पोस्ट तासाभरात खाली जाते. दुसरा मोह #नागपुरी_संत्रा. चांगला टॅग आहे, २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं नाव आहे, पण तो शोधणारे मुख्यतः खाणारे आणि विकत घेणारे. ज्याच्या झाडाची फळं गळताहेत तो शोधतो #फळगळ. ज्याच्या बुंध्यातून डिंक येतोय तो शोधतो #डिंक्या. पानं काळी पडलेला शोधतो #कोळशी. हे तीन टॅग प्रोफाइलवर असले की माणूस कामाचा आहे हे पाहणाऱ्याला लगेच कळतं.

बहाराचे, म्हणजे संत्र्याच्या फुलोऱ्याच्या हंगामाचे टॅग मात्र वेळेप्रमाणे बदला. आंबिया बहाराला फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, तोडणी ऑक्टोबरपासून. मृग बहाराची फुलं पावसाच्या सुरुवातीला, तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. त्यामुळे मे-जूनमध्ये प्रोफाइलवर #मृग_बहार पुढे आणा, नोव्हेंबर-डिसेंबरात #आंबिया_बहार. लोक 'अंबिया' असंही लिहितात, म्हणून प्रोफाइलवर एकच रूप ठेवा आणि दुसरं रूप पोस्टच्या मजकुरात कुठेतरी साधा शब्द म्हणून येऊ द्या. बहारासाठी पाणी तोडतात त्याला आपण ताण देणं म्हणतो. पण #ताण उघडलात तर तिथे सगळी मनःस्वास्थ्याची चर्चा. म्हणून #बहार_ताण. टॅग लावण्याआधी तो उघडून पहिल्या वीस पोस्ट पाहायच्या त्या याचसाठी. #महाल लावलं तर राजस्थानचे राजवाडे निघतात, आपली नागपूरची महाल वस्ती नाही. #पोहे मध्ये इंदूर शिरलेलं असतं. #तर्री_पोहे म्हटलं की नागपूरचा माणूस ओळखू येतो.

वर्षातून एकदाच येणारे विषय कायम टांगून ठेवू नयेत. #मारबत, म्हणजे आपली पुतळ्यांची मिरवणूक, पोळ्याच्या आठवड्यात पुढे काढा, दहा दिवसांनी उतरवा. #हिवाळी_अधिवेशन डिसेंबरपुरतं. जूनमध्ये एखाद्या प्रोफाइलवर 'मारबत, शेवटची पोस्ट दहा महिन्यांपूर्वी' असं दिसलं की इतवारीतल्या बंद शटरसारखं वाटतं, आत माल असला तरी कोणी थांबत नाही. टॅग उतरवला म्हणून जुन्या पोस्ट कुठे जात नाहीत, पोस्टमध्ये टॅग राहतोच. पुढच्या वर्षी परत लावला की मोजणीसकट हजर.

आधीच घोळ झाला असेल तर सगळं दुरुस्त करत बसू नका. सगळ्यात चांगल्या पंधरा-वीस पोस्ट निवडा आणि तेवढ्यांचेच टॅग एका रूपात आणा. मॅस्टोडॉनवर पोस्ट एडिट केली की ती नव्या टॅगखाली धरली जाते, पण ज्यांनी ती बूस्ट केली, म्हणजे आपल्या वाचकांपुढे पाठवली असेल त्यांना एडिटची सूचना जाते, म्हणून एका रात्रीत शंभर पोस्ट उकरू नका. इन्स्टाग्रामवर जुन्या फोटोला नवा टॅग लावून तो ताजा होत नाही, मूळ तारखेलाच राहतो. तिथे दुरुस्ती फक्त तुमच्या स्वतःच्या शिस्तीसाठी. पुढे परत चूक होऊ नये म्हणून ठरलेले टॅग फोनच्या कीबोर्डमध्ये साठवा. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये सेटिंग, डिक्शनरी, पर्सनल डिक्शनरी, मराठी, तिथे पूर्ण टॅग लिहा आणि शॉर्टकट म्हणून दोन-तीन अक्षरं द्या. मग वेलांटी चुकायचा प्रश्नच नाही.

बायोतल्या जागेचंही भान ठेवा. इन्स्टाग्राम १५० अक्षरं देतं, फेसबुक १०१, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'संत्री' दिसायला दोन अक्षरं, मोजणीत सहा. #धम्मचक्र_प्रवर्तन_दिन एवढा एक टॅग लिहिला की फेसबुकच्या बायोची चौथाईच्या आसपास जागा गेली समजा.

शेवटी ठिकाणांचे टॅग. वस्तीचं नाव, मुलांच्या शाळेचं नाव आणि #मॉर्निंग_वॉक हे तिन्ही एका प्रोफाइलवर असतील तर तुम्ही सकाळी साडेसहाला कुठे असता हे कोणीही सांगेल. #फुटाळा चालेल, पण शाळा काढा आणि फोटो घरी आल्यावर टाका. पक्ष्यांचे फोटो टाकणाऱ्यांना तर हात जोडून सांगणं आहे. गोरेवाडा, अंबाझरीकडे घुबडाचं किंवा आणखी कशाचं घरटं दिसलं तर नेमक्या जागेचा टॅग लावू नका, रविवारी तिथे पंचवीस कॅमेरे उभे राहतात आणि पक्षी घरटं सोडतो. पक्ष्याचं नाव, महिना आणि जिल्हा, एवढेच टॅग पुरेत.